जुन्या बाइकची खरखर: टायमिंग चेन तर नाही ना?

लखनौच्या स्कूटर्स इंडियाची विजय सुपर टू-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनात व्हॉल्व्हच नव्हते, म्हणून टायमिंग चेनही नव्हती. घरातल्या जुन्या स्प्लेंडर किंवा पल्सरमध्ये मात्र ती असते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टला ती एक फेरी देते आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात.

वापराने ही चेन सैल पडते आणि इंजिन खरखरू लागते. गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये सुरू करा. आवाज आलाच नाही, तर दोष मागच्या चाकाच्या चेनमध्ये असू शकतो. आला, तर इंजिन बंद करून आधी ऑइलची पातळी बघा. एकसारखी टिकटिक बहुधा टॅपेटची असते. थंड इंजिन सुरू करताना जास्त ऐकू येणारी खरखर बहुधा टायमिंग चेनची किंवा तिच्या टेन्शनरची.

फक्त टेन्शनर खराब असेल, तर तो बदलून भागते. चेनच ताणली गेली असेल, तर गाइड आणि स्प्रॉकेटचे दातही तपासून घ्या. नवी चेन बसवताना टायमिंगच्या खुणा जुळल्या ना, हे मेकॅनिकला जरूर विचारा.

कानाडोळा मात्र नको. चेन दात सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो आणि छोटे काम थेट इंजिन उघडण्यावर जाते.