घेवड्याचें कढण

श्रोतेहो, ज्याचें आयुष्य मुलांना व्याकरण आणि गणित शिकविण्यांत गेलें, त्या माणसानें चुलीपाशीं बसून बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु हा धडा मला माझ्याच चुकीनें शिकविला आहे, आणि तो स्वतःजवळ ठेवणें बरें नव्हे.

दोन हिवाळ्यांपूर्वीं आमची मंडळी चार दिवस माहेरीं गेली होती. घेवड्याच्या दाण्यांचें दाट कढण स्वतःच करून पाहावें, अशी मला हुक्की आली. मंद आंचेच्या विजेच्या भांड्यांत रात्रीं कोरडे दाणे व पाणी घालून मी निजलों. सकाळीं दाणे शिजले कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सात-आठ दाणे चावून खाल्ले. दोन तासांच्या आंत अशा ओकाऱ्या सुरू झाल्या कीं, शेजाऱ्यांनीं मला डॉक्टरांकडे नेलें. संध्याकाळपर्यंत मी सावरलों, पण "घेवडा कच्चा खाल्लात काय?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न माझ्या मनांत राहून गेला.

त्याचें कारण असें. घेवडा व राजमा हे एकाच जातीच्या वेलीचे दाणे. कच्च्या दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नांवाचें एक प्रथिन असतें. तांबड्या राजम्यांत तें विशेष. चार-पांच कच्चे दाणेही माणसास आजारी पाडूं शकतात. खळखळत्या उकळीनें तें प्रथिन नष्ट होतें. परंतु पाणी ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहिलें, तर त्याचा अपाय कमी न होतां उलट वाढतो. मंदाग्नीवर शिजलेलें अन्न पथ्याचें, ही आपली जुनी समजूत. येथें मात्र ती घात करते.

ही वेल मूळची अमेरिका खंडांतली. १४९२ नंतर युरोपियन खलाशांबरोबर तिचें बीं जगभर पसरलें. आज सातारा जिल्ह्यांत, विशेषतः कोरेगांव तालुक्यांत, अंगावर तांबड्या रेघा असलेला वाघ्या घेवडा पिकतो. त्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां कृति सांगतों. चार माणसांसाठीं वाटीभर, म्हणजे सुमारें २०० ग्रॅम दाणे निवडून धुवावे व चौपट पाण्यांत रात्रभर भिजत घालावे. सकाळीं तें पाणी निःसंकोच ओतून द्यावें; पोटांत वायु धरविणाऱ्या शर्करांचा कांहीं भाग त्यांत उतरलेला असतो. मग ताजें पाणी घालून दाणे मोठ्या आंचेवर खळखळून उकळावे. प्रयोगांत दहा मिनिटें पुरेशीं ठरलीं आहेत. पण उष्णता गाभ्यापर्यंत पोंचावी म्हणून मी पूर्ण ३० मिनिटें मोजतों. त्यानंतर आंच मंद करण्यास हरकत नाहीं. घाई असेल त्यांनीं भिजविलेले दाणे प्रेशर कुकरमध्यें शिजवावे. तेथील उष्णता उकळीहूनही अधिक असते.

दाणे मऊ होईपर्यंत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घालूं नये. आंबटाच्या संगतींत दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारें पेक्टिन लवकर सुटत नाहीं, आणि दाणा तासन्‌तास टणक राहतो. सोडा घातल्यास दाणा लवकर मऊ होतो खरा, पण 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश होतो; म्हणून तो मोह टाळावा.

दाणे शिजले कीं त्यांतील पाव हिस्सा पळीनें चांगला घोटावा. दाटपणा त्यानेंच येतो, पीठ लावावें लागत नाहीं. नंतर तेलांत जिरें, ठेंचलेला लसूण, बारीक कांदा, हळद व तिखट यांची फोडणी करून कढणांत घालावी. शेवटीं मीठ, दोन आमसुलें आणि गुळाचा लहानसा खडा घालून पांच मिनिटें उकळावें. वरून कोथिंबीर पेरावी.

याबरोबर ज्वारीची भाकरी असावी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी, तर घेवड्यांत तें भरपूर. उलट घेवड्यांत जें मेथायोनिन उणें, त्याची कांहीं भरपाई भाकरी करते. दोघें मिळून एकमेकांचें उणें भरून काढतात. गरिबाच्या ताटांत ही जोडी शास्त्राच्या आधींपासून नांदत आली आहे.

मंडळी माहेराहून परतल्यावर मीं माझी फजिती सांगितली. माझी विचारपूस झाली, दोन शब्दही ऐकावे लागले, आणि मग शांतपणें उत्तर आलें, "अहो, शिजला कीं नाहीं तें दाणा चिमटींत दाबून बघायचें असतें, दातांखालीं घालून नव्हे." इतक्या वर्षांत मीं पुष्कळ मुलांच्या परीक्षा घेतल्या, पण परीक्षा कशी घ्यावी, हें मला त्या दिवशीं कळलें.