जुन्या जीपची ब्रेक-परीक्षा

खासगी वाहनाच्या नोंदणीची 15 वर्षांची मुदत सरली म्हणजे, मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 अन्वये ती 5 वर्षांनी वाढवून घेण्याकरिता, काशीदच्या जीपमालकास वाहन पेणच्या परिवहन कार्यालयापुढे हजर करावे लागते. आणि तेथील तपासनिसास रंगरंगोटीची भूल सहसा पडत नाही. चारही चाकांत ड्रम असलेली जुनी जीप, खाऱ्या वाऱ्यात व पुळणीच्या बारीक वाळूत वर्षानुवर्षे वावरल्यामुळे, ब्रेक दाबताच एका अंगास ओढू लागते. कारण बहुधा एखाद्या व्हील सिलिंडरचा दट्ट्या गंजून अडकलेला असतो, किंवा गळक्या तेलाने लायनर भिजलेले असते, आणि असे लायनर घासून नव्हे, बदलूनच सुधारते. ब्रेक ऑइलही बाष्प शोषते. प्रमाणानुसार ताज्या डॉट 3 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस, तर ओलावा मुरलेल्याचा 140 धरला जातो.

विलिस कुळातील जुन्या जीपांचा हँडब्रेक (ही त्या घराण्याची खोड) चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टावर असतो. ब्रेक तपासण्याच्या रोलरवर चढण्यापूर्वी पुढील चाकांची जोडणी न विसरता सोडवावी, अन्यथा गाडी रोलरवरून उसळण्याचा संभव असतो. तपासणीच्या आदल्या दिवशी तरी गाडी वाळूत नेऊ नये.