फ्रान्सच्या ग्रामीण भागातील मोटारमुक्त सायकलमार्ग : संकल्पना, जडणघडण व मर्यादा

बीजसंज्ञा : हरित मार्ग, सायकल पर्यटन, बंद लोहमार्ग, कालवे, ग्रामीण फ्रान्स

प्रस्तावना :

फ्रान्स आणि सायकल यांचा संबंध आपल्याकडे बहुधा १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीपुरताच माहीत असतो. परंतु याच देशात सायकलीची त्याहून जुनी आणि संथ अशी दुसरी परंपरा आहे. सेंत-एत्येन येथील पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत. सायकल हे शर्यतीचे नव्हे, तर देश पाहण्याचे साधन आहे, हा विचार त्यांनी १८८७ पासून आपल्या नियतकालिकातून मांडला आणि चढावर उपयोगी पडणाऱ्या बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. १८९० मध्ये स्थापन झालेला ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ हाही मुळात सायकलस्वारांचाच उपक्रम होता. त्या काळी ग्रामीण रस्त्यांवर घोडागाड्या आणि पादचारी यांच्याखेरीज फारशी वर्दळ नसे. विसाव्या शतकात मोटारींची संख्या वाढत गेली आणि तेच रस्ते सायकलस्वाराला, विशेषतः मुले व वृद्ध यांना, असुरक्षित होत गेले. रस्ता होता तसाच राहिला. पण तो कोणाचा, याचे उत्तर बदलले.

या परिस्थितीवर फ्रान्सने गेल्या तीन दशकांत जो मार्ग काढला, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मोटारमुक्त सायकलमार्ग म्हणजे निसर्गरम्य प्रदेशात नव्याने बांधलेला रस्ता, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. हे मार्ग मुख्यतः अन्य हेतूंसाठी पूर्वीच तयार झालेल्या आणि निरुपयोगी ठरलेल्या जमिनीच्या पट्ट्यांवर उभे आहेत. त्यामुळे त्यांचे यश बांधकामापेक्षा त्या पट्ट्याची सलगता टिकवून धरण्यावर अवलंबून राहिले आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

लेखाची उद्दिष्टे :

१) ‘हरित मार्ग’ ही संकल्पना व तिचा कायदेशीर आशय स्पष्ट करणे.
२) हे मार्ग ज्या कालव्यांवर व लोहमार्गांवर उभे राहिले त्यांची पार्श्वभूमी पाहणे.
३) या मार्गांच्या मर्यादा व त्यासंबंधीचे मतभेद समजून घेणे.

संकल्पना :

या विषयात दोन संज्ञा वारंवार येतात आणि त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पहिली संज्ञा ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हरित मार्ग. १६ सप्टेंबर २००४ च्या शासकीय आदेशाने तिला फ्रान्सच्या वाहतूक संहितेत स्थान मिळाले. यंत्रचलित नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव असलेला मार्ग, अशी तिची व्याख्या करण्यात आली. पॅडल मारल्यावरच साहाय्य करणारी विद्युत सायकल यात बसते. मोपेड बसत नाही. काही ठिकाणी देखभालीच्या गाड्यांना किंवा शेताकडे जाणाऱ्या वाहनांना परवानगी असते, परंतु तो अपवाद होय.

दुसरी संज्ञा ‘व्हेलोरूत’ ही दूर अंतराच्या सायकल प्रवासासाठी आखलेल्या मार्गाची आहे. हरित मार्ग हा बांधणीचा प्रकार, तर व्हेलोरूत ही प्रवासाची आखणी. एखादी व्हेलोरूत काही अंतर हरित मार्गाने जाते, तर काही अंतर कमी वर्दळीच्या रस्त्याने. लोआर नदीच्या काठाने जाणारा ‘ला लोआर आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरचा विख्यात मार्ग याचे उत्तम उदाहरण आहे. सॉन्त्र आणि पेई द ला लोआर या दोन प्रदेशांनी १९९५ मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. त्याचा मोठा भाग शांत ग्रामीण रस्त्यांवरून जातो. म्हणजेच तो मोटारमुक्त नसून मोटारी कमी असलेला मार्ग आहे. प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक केवळ शाब्दिक नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हरित मार्गांना आधार देणारे पट्टे प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार कालव्यांच्या काठांचा. यंत्रे येण्यापूर्वी मालवाहू नावा काठावरून घोडे अथवा माणसे ओढीत असत. त्यासाठी पाण्यालगत एक अखंड वाट राखावी लागे. तिला फ्रेंच भाषेत ‘शमँ द हालाज’ म्हणतात. प्येर-पोल रिके यांच्या योजनेनुसार १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेलेला आणि १९९६ मध्ये जागतिक वारसा ठरलेला कनाल द्यु मिदी हा या प्रकारातील सर्वांत परिचित कालवा आहे. पुढे नावांना यंत्रे बसली आणि घोडे गेले, त्यानंतर माल रस्त्याने व रेल्वेने जाऊ लागला. वाट मात्र राहिली.

दुसरा प्रकार बंद लोहमार्गांचा. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेला अनुसरून १८७९ च्या कायद्याने १८१ नवे लोहमार्ग आखण्यात आले. दूरच्या लहान गावांनाही रेल्वे मिळावी, हा त्यामागील लोकशाहीवादी हेतू होता. यांतील अनेक मार्गांना पुरेसे प्रवासी कधीच लाभले नाहीत. १९३८ मध्ये राष्ट्रीय रेल्वे कंपनी अस्तित्वात आली, त्या सुमारास असंख्य शाखामार्गांवरील प्रवासी गाड्या बंद होऊन त्यांची जागा बसगाड्यांनी घेतली. उरलेल्यांपैकी कित्येक पुढील दशकांत बंद पडले. रूळ उखडले गेले, तरी भराव, खिंडी, पूल, बोगदे आणि स्थानकांच्या इमारती जागच्या जागी उभ्या राहिल्या.

भूरचनेचा लाभ :

हे दोन्ही पट्टे सायकलस्वाराला इतके अनुकूल का ठरावेत, याचे उत्तर अभियांत्रिकीत आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून लोहमार्गाचा चढ साधारणतः १०० मीटरला दोन-तीन मीटरच्या आत ठेवला जाई आणि वळणे विस्तीर्ण असत. डोंगर आडवा आला तर बोगदा, दरी आली तर पूल, अशी रचना असे. कालव्याचे तर काठच सपाट असतात. पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांजवळ, म्हणजे लॉकपाशी, तेवढा छोटासा चढ लागतो. तुलूझपासून कनाल द्यु मिदीच्या सर्वोच्च बिंदूपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवरील नोरूझच्या खिंडीपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर अंतरात चढ ६० मीटरहूनही कमी आहे. अंगात फारशी ताकद नसलेल्या व्यक्तीलाही एका दिवसात ही जलविभाजक रेषा गाठता येते. इंजिनासाठी आणि घोड्यासाठी केलेली ही बचत शंभर वर्षांनी सायकलस्वाराच्या पायांच्या कामी आली, असे म्हणता येईल.

अंमलबजावणी :

फ्रान्समधील पहिला हरित मार्ग म्हणून बर्गंडीतील जिव्री ते क्ल्युनी या ४४ किलोमीटरच्या मार्गाचा उल्लेख केला जातो. सोन-ए-लोआर या देपार्तमाँने, म्हणजे स्थूलमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाने, बंद लोहमार्गावर तो सिद्ध करून १९९७ मध्ये खुला केला. द्राक्षमळे आणि मध्ययुगीन मठासाठी प्रसिद्ध असलेले क्ल्युनी यांना जोडणारा हा मार्ग पुढे माकोंच्या दिशेने वाढविण्यात आला. या वाढीव भागातील ब्वा क्लेर हा सुमारे १६०० मीटरचा जुना रेल्वे बोगदा आज सायकलस्वारांसाठी खुला असतो. परंतु हिवाळ्यात तेथे वटवाघळे आश्रयाला येत असल्याने तो बंद ठेवून सायकलस्वारांना टेकडीवरून वळविले जाते. ओसाड पडलेल्या पट्ट्यावर मनुष्याखेरीज इतरांचाही हक्क निर्माण झालेला असतो, हे यावरून लक्षात येते.

१९९८ मध्ये केंद्र शासनाने हरित मार्ग व व्हेलोरूत यांचा राष्ट्रीय आराखडा स्वीकारला आणि २०१० मध्ये तो सुधारला. आराखडा राष्ट्रीय असला तरी प्रत्यक्ष बांधणी मुख्यतः देपार्तमाँ, प्रदेश आणि कम्यून यांच्याकडे राहिली. कम्यून हा ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या पातळीवरील घटक असून फ्रान्समध्ये त्यांची संख्या सुमारे ३५ हजार आहे. शंभर किलोमीटरचा एक मार्ग अनेक कम्यूनच्या हद्दी ओलांडतो आणि प्रत्येक हद्दीवर निधी, डांबर व इच्छाशक्ती यांचे प्रमाण बदलू शकते. कनाल द्यु मिदीवर याचा प्रत्यय दीर्घकाळ येत असे. तुलूझकडून येणारी गुळगुळीत डांबरी वाट ऑत-गारोनची सीमा संपून ओद लागताच झाडांच्या मुळांनी उंचसखल झालेल्या मातीच्या पायवाटेत बदलत असे. कालवा तोच, काठ तोच. बदलला तो केवळ कारभार.

ग्रामीण जीवनाशी संबंध :

सायकलस्वार दिवसाला थोडेच अंतर कापतो. म्हणूनच तो लहान गावात थांबतो, भाकरी विकत घेतो आणि मुक्काम करतो. मोटारीने जाणारा पर्यटक ज्या गावाकडे पाहतही नाही, ते गाव सायकलस्वाराच्या मुक्कामाचे ठिकाण होऊ शकते. हे ओळखून ‘आक्यूय व्हेलो’ ही राष्ट्रीय मानांकनाची पद्धत रूढ झाली आहे. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या आणि सायकल सुरक्षित ठेवण्याची जागा, दुरुस्तीची साधने इत्यादी सोयी देणाऱ्या निवासांना हे मानांकन मिळते. जुनी स्थानके काही ठिकाणी उपाहारगृहे अथवा माहिती केंद्रे झाली आहेत. रेल्वे गेल्यानंतर ज्या इमारतीत कोणी येत नव्हते, तेथे पुन्हा बाहेरगावचा माणूस येऊ लागला, ही घटना आर्थिक आहे तशीच मानसिकही आहे.

मर्यादा व मतभेद :

१) सलगतेचा प्रश्न : लोहमार्ग बंद झाल्यावर जेथे त्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी शेजारच्या मालकांना विकली गेली अथवा पूल पाडले गेले, तेथे मार्ग तुटला. नव्वद किलोमीटर निर्धोक असूनही मधले दोन किलोमीटर वेगवान मोटाररस्त्यावरून जावे लागत असतील, तर लहान मुलाला घेऊन निघालेल्या पालकासाठी तो संपूर्ण मार्गच निरुपयोगी ठरतो. मार्गाची योग्यता त्याच्या सरासरीवर नव्हे, तर त्यातील सर्वांत दुबळ्या दुव्यावर ठरते.

२) रेल्वेच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न : एकदा सायकलमार्ग झाला की रेल्वे परत येण्याची आशा संपली, असे रेल्वेच्या समर्थकांना वाटते. हा आक्षेप भावनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. मोटार न चालविणाऱ्या ग्रामस्थाला हरित मार्ग रेल्वेची जागा देऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने, अनेक ठिकाणी जमिनीची मालकी रेल्वेकडेच ठेवून केवळ व्यवस्थापन स्थानिक संस्थेकडे दिले जाते. अशा वेळी सायकलमार्ग हा रेल्वेचा मारेकरी न ठरता तिच्या जागेचा राखणदार ठरतो.

३) पोहोचण्याचा प्रश्न : मोटारमुक्त मार्गाच्या आरंभस्थानी सायकल मोटारीवर लादून जावे लागणे, ही विसंगती होय. २०१९ च्या वाहतूक कायद्याने नव्या व नूतनीकृत गाड्यांत न सोडवलेल्या सायकलींसाठी जागा ठेवण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने महत्त्वाचे आहे.

४) पर्यावरणाचा प्रश्न : कनाल द्यु मिदीच्या काठची सुमारे ४२ हजार प्लेन वृक्षांची रांग हे त्या मार्गाचे छत्र होते. २००६ मध्ये त्यांत बुरशीजन्य रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो वृक्ष तोडून अन्य जातींची लागवड केली जात आहे. उन्हाळ्यातील प्रवाशाला सावली ही शोभेची बाब नसते. ती मार्गाचाच भाग असते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, फ्रान्सच्या हरित मार्गांचे श्रेय केवळ त्यांची आखणी करणाऱ्यांना देता येत नाही. सतराव्या शतकातील कालवा खोदणारे आणि एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग बांधणारे यांनी सायकलीचा विचार केलेला नव्हता. त्यांच्या श्रमातून निर्माण झालेली सार्वजनिक जमीन ज्यांनी निरुपयोगी काळातही विकून टाकली नाही, त्यांचा वाटा यात मोठा आहे. पूल पुन्हा बांधता येतो, डांबर पुन्हा टाकता येते. परंतु शेकडो मालकांत विखुरलेला अरुंद पट्टा पुन्हा एकत्र आणणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे एखादी सार्वजनिक वाट बंद पडते तेव्हा तिचे तात्काळ काय करावे, यापेक्षा ती अखंड कशी ठेवावी, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.