मिसळणाचा डबा आणि रक्तातली साखर

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात सात जण. पाचांना मधुमेह, सहावा ‘बॉर्डरवर’. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या राजकारणाच्या आणि तिसरी मेथीची, असा शिरस्ताच पडला आहे. कोण मेथीचं पाणी पितं, कोण दालचिनीची फक्की मारतं, कोणाच्या मेव्हण्याची गोळी हळदीनं सुटली, हे सगळं ऐकून ऐकून मी शेवटी संशोधन काय म्हणतं ते वाचायला बसलो. मसाल्यांत काहीच नाही असं आढळलं असतं तर विषय सोपा होता. पण त्यांत खरंच काहीतरी आहे, म्हणून तर घोळ होतो.

“कडू खाल्लं की गोड मरतं”

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका गैरसमज. जिभेला कळणारा कडूपणा आणि रक्तातली साखर यांचा हिशेब कुठेही जुळत नाही. मेथीचंच बघा. तिचं काम मुख्यतः करतो तो गॅलॅक्टोमॅनन नावाचा विद्राव्य तंतू, आणि तो कडू नसतोच. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो ना, तोच हा. पोटात तो जेलसारखा फुगतो, अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो आणि जेवणातली साखर रक्तात एकदम न उसळता हळूहळू उतरते. मेथीत आणखी एक घटक आहे, ४-हायड्रॉक्सी-आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल. ग्लुकोज जास्त असताना ते स्वादुपिंडाच्या पेशींना जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, असं फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९८मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांचा १९९०मधला अभ्यास मेथीप्रेमींचा मोठा आधार आहे. टाइप १ मधुमेह असलेल्यांना दहा दिवस मेथीयुक्त जेवण दिलं. उपाशीपोटीची साखर घटली, चोवीस तासांत लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. किती मेथी दिली होती? तेल काढलेली पूड, दिवसाला १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून. चहाच्या चमच्यात साधारण चार ग्रॅम मेथी मावते. म्हणजे पंचवीस चमचे! नंतरच्या अभ्यासांत प्रमाण बरंच कमी होतं आणि साखर काही प्रमाणात उतरलीही. पण हे बहुतेक अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत.

आमच्या गटातले एक काका रात्री चमचाभर दाणे भिजवतात, सकाळी पाणी पितात आणि दाणे तुळशीत टाकतात. तंतू बराचसा दाण्यातच राहतो, त्यामुळे फायदा काही असलाच तर तो तुळशीला. दाणे चावून खा, नाहीतर पूड कणकेत मळा. आणि मेथीच्या लाडवाबद्दल विचारू नका. त्यातला गूळ आणि तूप मेथीला बोलूच देत नाहीत.

“दालचिनी म्हणजे दालचिनी”

नाही. बाजारात दोन मिळतात. खरी, म्हणजे सिलोनची: पातळ, अनेक पदरांची, विडीसारखी गुंडाळलेली, बोटांनी चुरडणारी. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात याच दालचिनीची. दुसरी कॅशिया: जाड, एकपदरी, खलबत्त्याला दाद न देणारी आणि स्वस्त. कॅशियात कूमारिन भरपूर असतं, सरासरी ग्रॅममागे तीन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते संवेदनशील माणसाच्या यकृताला बाधू शकतं. युरोपात ठरलेली रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाची ती दोन ग्रॅम कॅशियातच भरते. म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. पुलावातल्या तुकड्याची काळजी नको. रोज फक्की मारणाऱ्यांनी मात्र आपली दालचिनी कुठली ते पाहावं.

आणि गुण? २००३मध्ये पाकिस्तानात साठ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात १ ते ६ ग्रॅम दालचिनीनं चाळीस दिवसांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्के घटली आणि जगभर डंका पिटला गेला. २०१२मध्ये कॉक्रेन या संस्थेनं दहा चाचण्या, ५७७ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा मधुमेहासाठी दालचिनी सुचवावी एवढा पुरावाच सापडला नाही. डंक्याचा आवाज या दुसऱ्या बातमीला मिळाला नाही, हे सांगायला नकोच.

“हळदीत मिरी घातली की झालं”

हळदीचे गुण ज्याच्या नावावर सांगितले जातात ते कर्क्युमिन हळकुंडात असतं वजनाच्या जेमतेम तीन टक्के, आणि पोटात गेलेलं बहुतेक रक्तात पोचतच नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तर शोषण २००० टक्के वाढलं. हा आकडा प्रत्येक जाहिरातीत असतो. पण दोन ग्रॅम कर्क्युमिनसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल, आणि जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे किती, हे जाहिरात सांगत नाही.

शिवाय पायपेरिन फक्त कर्क्युमिनलाच दार उघडत नाही. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं याच गुणाचा उपयोग करून क्षयावरच्या रिफॅम्पिसिनचं प्रमाण कमी करता येतं हे दाखवलं. हाच परिणाम तुमच्या इतर गोळ्यांवरही होऊ शकतो. भाजीतल्या मिरीनं नव्हे, अर्क भरलेल्या कॅप्सूलनं.

“गोळी केमिकल, मसाला नैसर्गिक”

इथे मला नेहमी हसू येतं. मधुमेहात सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. तिचा उगम गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपीय वनस्पतीत आहे, मेथीच्याच शेंगवर्गीय कुळातली. तिच्यातल्या गॅलेजिननं साखर उतरते, पण ते विषारी आहे. ती चरून मेंढ्या मेल्याच्या नोंदी आहेत. त्याच्याशी नातं सांगणारा, पण सुरक्षित रेणू डब्लिनमध्ये १९२२ साली तयार झाला आणि १९५७ साली पॅरिसच्या डॉक्टर झाँ स्टर्न यांनी तो रुग्णांवर वापरला. म्हणजे तुमच्या गोळीची आजी झाडपाल्यातलीच. फरक एवढाच की गोळीत दर वेळी तेवढंच आणि तेच असतं. मेथीची पुडी दुकानागणिक बदलते.

‘नैसर्गिक’ चूर्णांविषयी वेगळी सावधगिरी हवी. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली अनेक देशांत पकडली गेली आहेत. चूर्ण आठवड्यात ‘जादू’ दाखवू लागलं तर आधी शंका घ्या. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

उलटा धोकाही आहे. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मेथीची पूड मोठ्या प्रमाणात सुरू केली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीही त्रास देऊ शकते, आणि गरोदरपणी मोठी मात्रा टाळावीच.

आमच्या गटातल्या एकानं दालचिनीवर भरवसा ठेवून दोन महिने गोळी सोडली होती. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) साडेसातवरून साडेनऊवर गेली. आता तो गोळी घेतो आणि दालचिनी चहात घालतो, चवीसाठी.

मेथी खा, हळद खा, दालचिनीही. फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या यादीखाली त्यांचीही नावं लिहून न्या, रोजचे चमचे किती तेही.