आजी, तो किडा कुठे लपलाय?



दर रविवारी सकाळी आमच्या घरातून साताऱ्याला व्हिडिओ कॉल लागतो. तुमच्याकडेही असा एक कॉल असेलच. "खाल्लंस का गं काही?" "हो." "शाळा काय म्हणतीय?" "गुड." एवढं झालं की माझी नऊ वर्षांची लेक टॅब माझ्या हातात कोंबते आणि पळते. माझ्या आईला वाईट वाटतं, पण ती बोलून दाखवत नाही. तीन-चार मिनिटांत सगळं आटोपतं.

या हिवाळ्यात तोच कॉल पाऊण तासावर गेला. कारण एक गेम. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यात वस्तू शोधायचा. आज तुम्हाला त्याबद्दल सांगणार आहे. गेम चालतो कसा, त्यात खरं किती आणि आजी त्यात शिरली कशी.

या प्रकाराला 'हिडन ऑब्जेक्ट' गेम म्हणतात. आपण लहानपणी अंकांमध्ये 'चित्रात लपलेले दहा प्राणी शोधा' करायचो, त्याचंच हे पुढचं भावंड. इथल्या मुलांना 'व्हेअर्ज वॉली' माहीत असतं, ते पुस्तक 1987 चं. कॉम्प्युटरवर हा प्रकार लोकप्रिय झाला तो 2005 च्या 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल'पासून. इजिप्तवाल्या गेमची गोष्ट बहुतेक ठरलेली: कुणीतरी संशोधक गायब, एक फाटका पपायरस, एक बंद दार. स्क्रीनवर वस्तूंनी खच्चून भरलेली खोली आणि खाली यादी. यादीतली वस्तू दिसली की बोट टेकवायचं.

आतून पाहिलं तर काम सोपं आहे. मागे एक मोठं चित्र, त्यावर थरांमध्ये चिकटवलेल्या वस्तू आणि प्रत्येक वस्तूभोवती न दिसणारं कुंपण. बोट कुंपणात पडलं की वस्तू सापडली. लपवायच्या युक्त्या ठरलेल्या: मागच्या रंगात रंग मिसळायचा, अर्धी वस्तू दुसऱ्या वस्तूमागे सरकवायची, किंवा तिचा आकारच नेहमीपेक्षा लहान-मोठा करायचा. यादी दरवेळी मोठ्या साठ्यातून उचलली जाते, म्हणून तीच खोली दुसऱ्यांदा खेळली तरी शिळी वाटत नाही. कुठेही टकटक केलं तर दंड बसतो.

आता पैशाचं बोलतो, कारण तिथे मी स्वतः आपटलोय. फुकट मिळणाऱ्या गेममध्ये 'एनर्जी' असते. चार खोल्या झाल्या की ती संपते, मग तासभर थांबा नाहीतर रत्नं विकत घ्या. म्हणजे पैसे खेळण्याचे नसतात, वाट बघावी लागू नये म्हणून असतात. आमच्या कार्डावर एका महिन्यात अडतीस पाउंड लागले. मी दिवसभर लोकांच्या सिस्टिममधल्या फटी दाखवून पोट भरतो आणि माझ्याच टॅबवर खरेदीला पासवर्ड नव्हता! लेकीला रागावण्यात अर्थ नव्हता. तो गेम काढला, पासवर्ड टाकला आणि एकदाच पैसे देऊन घ्यायचा, जाहिराती नसलेला दुसरा गेम घेतला. मुलांसाठी घ्यायचाच असेल तर असाच घ्या, दिसायला महाग असला तरी.

पहिल्याच रविवारी लेक कॉल सोडून गेमकडे वळली, तेव्हा मी वैतागून तिची स्क्रीन आजीला दाखवायला लावली. आई म्हणाली, "हितं बघ की, हितं!" तिचं बोट तिच्या फोनवर, आम्हाला इकडे काय दिसणार? सांगायचं तर शब्दांतच सांगावं लागणार होतं. त्यातून आमचा नियम ठरला. यादी इंग्रजीत असते, ती लेकीने मराठीत सांगायची. वस्तू कुठे आहे ते आजीने बोलून सांगायचं. इंग्रजी शब्द आला तर पाळी गेली.

"त्या रांजणाच्या आड बघ."

"रांजण म्हणजे?"

"मोठं मडकं गं."

"आणि आड म्हणजे मागे?"

"मागंच, पण झाकलेलं."

मागे आणि आड यांतला फरक मला असा एका वाक्यात सांगता आला नसता. खाली, तळाशी, पायथ्याशी, कडेला, शेजारी, आडोशाला. शाळेत शब्दयोगी अव्ययं म्हणून घोकलेली ही मंडळी आमच्या घरातून कधी नाहीशी झाली ते कळलंच नव्हतं. 'पाणी', 'चपाती', 'झोप' टिकतात. 'खांबाच्या पायथ्याशी' हे म्हणायची वेळच येत नाही.

एकदा यादीत 'स्कॅरब' आला. लेक म्हणाली, "आजी, निळा किडा." आईने चष्मा वर केला. "अगं, हा तर शेणकिडा! मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत नेतो. आपल्या रानात किती असायचे." मग मी माझं थोडं ज्ञान पाजळलं. इजिप्तच्या लोकांनीही हेच पाहिलं होतं. तसाच सूर्याचा गोळा रोज सकाळी कुणीतरी वर ढकलतं असं त्यांना वाटलं. त्या देवाचं नाव खेप्री, आणि म्हणून हा किडा ताईत झाला. लेकीने पुस्तकातलं चित्र पाहिलं होतं, आजीने खरा किडा. त्या दिवशी पहिल्यांदा लेकीने आपणहून विचारलं, "आजी, रान म्हणजे कुठे?"

गेममधल्या चुकाही सांगायला हव्यात. उंटांचे तांडे दाखवतात, पण फेरोंच्या काळात ओझं वाहायचं ते गाढव. खुफूचा पिरॅमिड, तुतानखामेन आणि क्लिओपात्रा एकाच गोष्टीत कोंबतात. खुफूनंतर तुतानखामेन साधारण बाराशे वर्षांनी झाला आणि क्लिओपात्रा त्याच्यानंतर आणखी सुमारे तेराशे वर्षांनी. शापाचं तर सोडाच. थडग्याच्या कामाला पैसे देणारे लॉर्ड कार्नार्व्हन डास चावून झालेल्या जंतुसंसर्गाने 1923 मध्ये गेले हे खरं, पण थडगं उघडणारा हॉवर्ड कार्टर 1939 पर्यंत जगला.

मला सगळ्यात खटकते ती चूक मात्र वेगळी. गेममध्ये वस्तूवर बोट टेकवलं की 'टिंग' होतं आणि ती नाहीशी होते. खऱ्या थडग्यात कुणी असं केलं असतं तर आज आपल्याला फारसं काही कळलंच नसतं.

तुतानखामेनच्या थडग्याची पहिली पायरी 4 नोव्हेंबर 1922 ला सापडली. आत पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या आणि त्या काढायला दहा वर्षं लागली. पहिल्या खोलीलाच सुमारे सात आठवडे. का? कारण प्रत्येक वस्तू हलवण्याआधी तिला नंबर द्यायचा, नंबराचं कार्ड शेजारी ठेवायचं, हॅरी बर्टन फोटो काढणार, मग टिपण. मण्यांनी मढवलेल्या सपातांचा दोरा कुजलेला, हात लावला असता तर मणी विखुरले असते. म्हणून आधी त्यावर वितळलेलं मेण ओतलं, मण्यांची जागा सुटू नये म्हणून.

पेट्यांची गंमत तर गेम लिहिणाऱ्यांनी उचलावी अशी आहे. राजाला पुरल्यावर काही काळातच तिथे दोनदा चोरी झाली. अधिकाऱ्यांनी पसारा घाईघाईने पेट्यांत कोंबला आणि दार पुन्हा बंद केलं. काही पेट्यांवर आत काय आहे त्याची यादी शाईने लिहिलेली होती, आणि आत निघालं भलतंच. यादी आणि पेटी यांतल्या तफावतीवरून काय चोरीला गेलं असेल याचा अंदाज कार्टरने बांधला. एका पेटीत फडक्यात गाठ मारून बांधलेल्या आठ सोन्याच्या अंगठ्या मिळाल्या. नुसतं सोनं म्हणून तोलल्या असत्या तर त्या आठ अंगठ्याच राहिल्या असत्या. कशात आणि कशा बांधल्या होत्या हे टिपून ठेवलं, म्हणून ते चोराचं गाठोडं आहे हे कळलं.

हे मी आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "पदराला गाठ मारावी तशी असंल. पळताना टाकली नाहीतर पकडला गेला."

म्हणून आम्ही आमच्या गेममध्ये एक नियम वाढवला. वस्तू सापडली की बोट टेकवण्याआधी लेकीने वहीत लिहायचं: काय, कशाच्या शेजारी, कशाखाली. मराठीत. अक्षर कोंबडीचे पाय असतात, पण वही निम्मी भरली आहे.

गेम हल्ली मागे पडलाय, एका अर्थी. कार्टरची टिपणं आणि बर्टनचे फोटो ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटकडे आहेत आणि ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मागच्या रविवारी पहिल्या खोलीचा फोटो लावला. गाईच्या तोंडाचा पलंग, सिंहाच्या तोंडाचा पलंग, मोडून ठेवलेले रथ, नंबरांची कार्डं.

"गाईच्या पलंगाखाली एवढी अंडी कुणी ठेवली?" आई म्हणाली.

लेकीने वाचून दाखवलं, अंडी नाहीत, अंड्याच्या आकाराचे पांढरे डबे आहेत. आत राजासाठी मांस.

"मग शिदोरी म्हण की."

लेकीने वहीत लिहिलं: शिदोरी, पलंगाच्या खाली, भिंतीच्या कडेला.

लंडनच्या जवळपास राहत असाल तर युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पेट्री म्युझियमला जाऊन या. प्रवेश फुकट आणि ऐंशी हजारांच्या आसपास वस्तू: मणी, खापरं, कपडे. सोन्याचा मुखवटा वगैरे नाही, ते आधीच सांगतो. फ्लिंडर्स पेट्री हा फुटक्या खापरांवरून काळ ठरवणारा माणूस होता. आम्ही हाफ टर्मला जाणार आहोत. आईला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलंय, आणि तिने साताऱ्यात फोनला स्टँड आणायला माणूस पाठवलाय.