बोटीपासून वाळूपर्यंत

माझे पणजोबा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धावरून परत आल्यावर ते एकच हकिकत पुन:पुन्हा सांगत, असे आजी म्हणते. "लढाई संपल्यावर आम्ही उतरलो, अन् तरी गाड्या बुडाल्या!" यावर सारे घर हसे. लढाई संपल्यावर कोण उतरते? आणि किनाऱ्याला लागलेली गाडी बुडेल कशी? आवणीच्या दिवसांत खाचरात बैल रुतला, की "आबांची गाडी बुडाली" असे म्हणण्याची आमच्याकडे रीतच पडली होती. घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. तेव्हा या थट्टेचा खरेखोटेपणा पाहणे माझ्याकडे आले, आणि त्यासाठी आधी पॅसिफिक महासागरातील बेटांची युद्धे वाचावी लागली.

जपानने १९४१-४२ मध्ये पॅसिफिकमधील असंख्य बेटे बळकावली. अमेरिकेने ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वाडलकॅनॉलवर सैन्य उतरवून परतीचा मार्ग धरला. प्रत्येक बेट घेत बसायचे नाही, हे त्यांचे धोरण होते. विमानतळाला उपयोगी पडेल ते बेट घ्यायचे आणि राबौलसारखे बळकट ठाणे बाजूला टाकून पुढे जायचे. आपल्याकडे गडाला वेढा न घालता खालचा मुलूख ताब्यात घेण्यासारखेच हे झाले. नकाशावर हे सोपे दिसते. खरी अडचण शेवटच्या काही शे वारांत असते.

२० नोव्हेंबर १९४३ रोजी तारावा द्वीपसमूहातील बेटिओ या बेटावर अमेरिकन सैनिक उतरले. बेट सुमारे तीन किलोमीटर लांबीचे, म्हणजे आमच्या गावच्या शिवाराएवढेही नाही. त्याच्याभोवती प्रवाळाचा उथळ कठडा आहे. सैनिकांच्या सपाट बुडाच्या बोटींना तरंगायला साडेतीन-चार फूट पाणी लागे. भरतीला तेवढे मिळेल असा हिशेब होता. पण चंद्र वद्य अष्टमीच्या सुमाराचा होता. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येते, अष्टमीला भांगाची भरती असते आणि पाणी फारसे चढत नाही, हे कोकणातला कोणताही कोळी सांगेल. शिवाय चंद्र त्या दिवसांत पृथ्वीपासून दूर होता, त्यामुळे भरती आणखीच मंदावली. बोटी कठड्यावर अडकल्या. माणसे डोक्यावर बंदुका धरून पाचशे-पाचशे वार पाण्यातून चालत निघाली, आणि समोरून मशीनगनचा मारा सुरू होता. पट्ट्यांवर चालणारी, पाण्यात तरंगणारी सव्वाशेच्या आसपास वाहने होती. तेवढीच कठडा ओलांडू शकली. लढाई चार दिवसांत आटोपली. एक हजाराच्या आसपास अमेरिकन मेले आणि जपानी फौज जवळजवळ संपूर्ण कापली गेली.

आता पॅसिफिकवरून आपल्या पुणे जिल्ह्यात यावे. असल्या उतरण्याची तालीम आपल्या खडकवासल्याच्या तलावावरही होत असे! राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडली गेली तेव्हा तलावाच्या उत्तर काठावर 'अँगोस्टुरा' नावाचे लुटुपुटीचे जहाज पडून होते. महायुद्धाच्या काळात सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देण्यासाठी ते वापरले जाई. प्रबोधिनीसाठी हीच जागा पसंत पडण्याचे ते एक कारण होते. मात्र मुठेच्या धरणाला भरती नाही, ओहोटी नाही. बोटीतून कसे उतरावे हे तेथे शिकता येई. पायाखाली काय लागेल हे शिकता येत नसे.

भारतीय फौजांना अशा उतरणीचा अनुभव ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर आला. २१ जानेवारी १९४५ रोजी २६ वी भारतीय डिव्हिजन रामरी बेटावर उतरली. रंगूनकडे निघालेल्या १४ व्या सेनेला विमानाने रसद पुरवण्यासाठी तेथे धावपट्ट्या हव्या होत्या. म्हणजे पॅसिफिकमधलाच हिशेब. (रामरीच्या तिवरांत मगरींनी शेकडो जपानी सैनिक खाल्ले, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. अभ्यासकांना ती अतिशयोक्ती वाटते. मलाही वाटते, मगरींनी जेवणाची पंगत मांडलेली नसते.)

पुढचा बेत मलायाचा होता. सारी तयारी झाली आणि ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. तरी बेत मोडला नाही. ९ सप्टेंबर १९४५ रोजी २५ वी भारतीय डिव्हिजन मोरीबच्या किनाऱ्यावर उतरली. समोर गोळी झाडणारा कोणी नव्हता. पण वर वाळू दिसत होती आणि खाली चिखल होता. कित्येक गाड्या पाण्यात बंद पडल्या, कित्येक रुतून बसल्या. वरून गोळ्या येत असत्या तर मोरीबचे तारावा व्हायला वेळ लागला नसता, असे माझे मत आहे.

हे वाचल्यावर मी त्या शनिवारी गावी गेलो. आजी ओट्यावर लसूण सोलत होती. मी तारीख सांगितली, शरणागतीची हकिकत सांगितली आणि शेवटी गावाचे नाव सांगितले.

"काय म्हनलास?" तिने हात थांबवला.

"मोरीब."

"मोरी, मोरी असं कायतरी म्हनायचे ते," आजी म्हणाली. "आमाला वाटायचं, न्हाणीची मोरी. तिथं कुठं बोट जाती, म्हनून तर हसायचो."