विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण फिरस्त्या माणसाला हिणवण्यासाठी म्हणतो. गेल्या जूनमध्ये अमेरिकेत भाच्याकडे गेलो, तेव्हा सहा दिवस आम्ही तसेच राहिलो. फरक एवढाच, की बिऱ्हाड पाठीवर नसून मोटारीमागे जुंपलेले होते. तिकडे याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. वीस फुटी खोली. तीत दोन बिछाने, गॅसची शेगडी, न्हाणी आणि शौचकूप. सौ.च्या गुडघ्यांमुळे तंबूचा विचारच नव्हता. इंदुरात छावणीत राहणाऱ्याने तंबूला नाके मुरडावीत, हे होळकरांच्या शिलेदारांना रुचले नसते. पण त्यांना गुडघेदुखी नसावी.

निव्वळ हौसेखातर असे घर बांधून घेणाऱ्यांत पहिला मान गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टराला देतात. १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून त्याने आपली ‘वाँडरर’ गाडी करवून घेतली. तिला दोन घोडे होते. आमच्याकडे भाड्याचा ट्रेलर होता, आणि भाचा त्या कामात आमच्याइतकाच नवखा.

सामान भरताना त्याने जड तेवढे सगळे मागच्या कपाटात कोंबायला सुरुवात केली. सौ.चे माहेर देवासजवळच्या खेड्यातले. ती म्हणाली, “अरे, गाडी उलाळ होईल!” शब्द त्याला कळला नाही, मलाही समजावून सांगावा लागला. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलते, ती गाडी उलाळ. पुढे जास्त झाले की बैलांची मान दबते, ती धुरजड. पुस्तिका उघडून पाहतो तो नियम तोच! ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा. म्हणजे चार हजार पौंडांच्या ट्रेलरचा चारशे ते सहाशे पौंड. उलाळ ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक जोरात दाबला तर तो अधिकच उधळतो. वेग आपोआप उतरू द्यावा, आणि ट्रेलरचा वेगळा ब्रेक असतो तो हाताने दाबावा. सामान पुन्हा उतरवले. तांदळाची पिशवी आणि पाण्याचे कॅन चाकांच्या थोडे पुढे आले.

मागे घेणे ही दुसरी विद्या. चाकाचे सुकाणू खालच्या बाजूला धरावे आणि शेपूट जिकडे न्यायचे तिकडे हात न्यावा, इतके ते सोपे आहे. भाच्याला पाऊण तास लागला. शेजारचे म्हातारे जोडपे खुर्च्या टाकून पाहत होते, त्यांची संध्याकाळ छान गेली.

पण त्याच संध्याकाळी आमची चूक झाली, आणि ती माझी होती. जागा किंचित उतरती, वर पाऊस भुरभुरू लागलेला. सौ. आत थर्मासमधला चहा ओतत होती. मी घाईने जॅक फिरवून जोड मोटारीपासून वर उचलला. चाकांना ठोकळे लावायचे राहिलेच होते. ट्रेलर सरकला. जॅकचा पाय फळीवरून घसरला, आतून भांड्यांचा आवाज आला, आणि दोन साखळ्या खणकन ताणून सगळे थांबले. मोटार व ट्रेलर यांच्यामध्ये फुलीसारख्या अडकवायच्या त्या साखळ्या मी अजून सोडल्या नव्हत्या, हे निव्वळ दैव. सरकला फार तर एक फूट. पण पुढे उतार होता, आणि उताराच्या तळाशी ओढा.

सौ. दारात आली. लुगड्यावर चहा सांडलेला. ती ओरडली नाही. म्हणाली, “आमचा गाडीवान बैल सोडण्याआधी चाकाखाली धोंडा लावायचा. निरक्षर होता तो.”

पुढचे तीन दिवस आम्ही यलोस्टोनच्या सरोवराकाठी फिशिंग ब्रिजला काढले. नावात मासेमारी असली तरी त्या पुलावरून गळ टाकायला १९७३ पासून बंदी आहे. अस्वलांचा मुलूख, म्हणून तिथे कापडी भिंतींना मज्जाव. तंबूवाल्यांनी दुसरीकडे जावे. वीज, नळ आणि मैला वाहून नेणारी नळी तिन्ही जागेवर मिळतात. वीज तीस अँपिअरची घेतली, की विजेची शेगोटी आणि किटली एकदम चालतात. त्यात तिसरे काही लावले की अंधार. मैल्याची टाकी भरेपर्यंत तिची झडप बंद ठेवावी. ती उघडी ठेवली, तर पाणी निघून जाते आणि जे राहते त्याचे वर्णन सांस्कृतिक पानावर शोभणार नाही. रिकामी करताना आधी मैल्याची टाकी सोडावी, मग न्हाणीच्या पाण्याची; म्हणजे नळी आपसूक धुतली जाते.

तिथली जमीन पाटासारखी सपाट होती. तरीही पोचल्यावर सौ. गाडीतून उतरली नाही, काच खाली करून तिने आधी विचारले, “धोंडा लावला का?” ठोकळे लागल्याचे भाच्याने दोनदा सांगितले, मी वाकून दाखवले, तेव्हा ती उतरली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.